तठे बी खालेच

आमच्या गावात पुराची खबर सांगायला माणूस लागत नाही. खालच्या वस्तीतल्या चुलीत पाणी शिरलं की समजायचं, गिरणेला पूर आला. मग वस्तीतलं कुणीतरी वर पळत जातं. वर म्हणजे गावात. तिथली घरं उंच जोत्यावर. तिथली माणसं दार उघडून पूर बघतात. आम्ही पुरात दार शोधतो.

गाव पाचोरा तालुक्यातलं. नाव लिहीत नाही. लिहिलं तर गाववाले म्हणतील, पोरगं सुरतला गेलं आणि गावाची बदनामी करायला लागलं. आणि नाव लिहून तरी काय, गिरणाकाठचं कुठलंही गाव घ्या. देऊळ उंचावर. चावडी उंचावर. मग उतार. उताराला आमचा बौद्धवाडा. आणि आमच्याही खाली, काठावरच्या बाभळींत, भिलाटी. ज्यानं गाव वसवलं त्याला पाणी कुठवर चढतं ते पक्कं ठाऊक होतं. माणसाची पायरी आणि पाण्याची पायरी त्यानं एकाच पाणसळीनं मोजली.

माझा आजा येसकर होता. पावसाळ्यात रातच्याला त्याला फर्मान यायचं, नदी बघून ये. घोंगडं, काठी, कंदील घेऊन तो काठाला जायचा. पाणी वाढताना दिसलं की वर जाऊन हाळी द्यायची. गाव जागं करून तो परत खाली येईपर्यंत आजीनं पोरं उचललेली असायची आणि गाडगी-मडकी पाण्यानं. म्हणजे खबर देणारा आमचाच आणि बुडणाराही आमचाच. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं. ते तेव्हा झालं नाही. वतन खरोखर गेलं ते १९५८ च्या कायद्यानं. आजाच्या हातातली काठी सुटली. घर मात्र उताराला होतं, तिथंच राहिलं. कायद्यानं वतन खालसा होतं. उतार खालसा होत नाही.

चाळीसगाव आमच्याहून वरच्या अंगाला, रेल्वेनं जवळच. तिथल्या नदीची एक गोष्ट प्रत्येक बौद्धवाड्यात सांगतात, पण ती गोष्ट नाही, घडलेलं आहे. १९२९ साली बाबासाहेब धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. स्टेशनावरचा एकही टांगेवाला महाराला घेऊन टांगा हाकायला तयार होईना. लोकांना वाटलं, आपला बॅरिस्टर पायी नेणं बरं नाही. टांगेवाला म्हणाला, टांगा भाड्यानं न्या, मी हाकणार नाही. मग आपल्यातलाच एक जण लगाम धरून बसला. त्यानं जन्मात टांगा हाकलेला नव्हता. नदीवरच्या पुलावर चाक दगडाला धडकलं, बाबासाहेब फरसबंदीवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा खाली नदीत. हे त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवलं आहे. ते वाचताना बाकी सगळे टांगेवाल्यापाशी थांबतात. मी एका बारक्या गोष्टीपाशी थांबतो. महारवाडा नदीच्या पलीकडच्या काठाला होता. बॅरिस्टर होऊन आलेल्या माणसालासुद्धा आपल्या माणसांत जायला नदी ओलांडावी लागली.

मी बॅरिस्टर नाही. बारावी नापास. सुरतेत पांडेसऱ्याला एका डाईंग मिलमध्ये जेट मशीनवर आहे. कविता करतो. आणि आपल्या माणसांत जायला मलाही नदी ओलांडावी लागते. ती कशी, ते सांगतो.

आधी नदीचं सांगतो. गिरणा नाशिक जिल्ह्यातल्या सह्याद्रीत उगवते. नांदगाव तालुक्यात तिच्यावर मोठं धरण आहे. १९६९ सालचं. तिथून खाली चाळीसगाव, भडगाव, पाचोरा करत जळगाव जिल्ह्यातच ती तापीला मिळते. तापी मुलताईहून निघून ७२४ किलोमीटर पश्चिमेला जाते आणि सुरतेजवळ समुद्रात पडते. म्हणजे माझ्या मायच्या ओट्याखालून गेलेलं पाणी माझ्या मिलच्या शहरातून समुद्राला जातं. नकाशावर बोट ठेवलं तर मी आणि माय एकाच पाण्याच्या दोन टोकांना आहोत. नकाशावर सगळंच जवळ असतं.

धरण झालं तेव्हा वस्तीतले म्हणाले, आता पूर गेला. पूर गेला नाही, नदी गेली. उन्हाळ्यात गिरणा म्हणजे कोरडं पात्र. धरणातून आवर्तन सुटलं की ते पाणी वाळूतून सरपटत येतं, गावाच्या विहिरी भरतात, तेव्हा प्यायला मिळतं. आवर्तन लांबलं की बाया हंडे घेऊन डोहाडोहानं हिंडतात. आणि पावसाळ्यात धरणाच्या खाली तितूर आहे, डोंगरी आहे, ती अजिंठ्याच्या डोंगरातून उतरतात. धरणाला दारं असतात. तितूरला दार नाही. आली की आली.

गिरणेवर सात बलून बंधारे बांधायचं ठरलं आहे, असं मी शाळेत होतो तेव्हापासून ऐकतो. निवडणूक आली की बलून फुगतो. मतदान झालं की कोण सुई टोचतं कळत नाही.

आणि वाळू. गिरणेची वाळू चांगली. तिच्यावर जळगावचे बंगले उभे राहिले, पाचोऱ्याच्या कॉलन्या उभ्या राहिल्या. लिलावाची वाळू दिवसा जाते, बिनलिलावाची रातच्याला. डंपर, ट्रॅक्टर, दिवे बंद करून. पात्र खोल गेलं, विहिरीचं पाणी खाली गेलं, आणि पूर आला की पाणी काठ कुरतडतं. काठ म्हणजे काय? काठ म्हणजे भिलाटी आणि बौद्धवाडा. आता मी इथं वाळूमाफियांना चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. पण त्या ट्रॅक्टरमध्ये फावड्यानं वाळू भरणारा माझा धाकटा भाऊ आहे. रातभर भरली तर सकाळी रोख पैसे मिळतात. शेतमजुरीला तेवढे मिळत नाहीत, आणि तीही रोज मिळत नाही. आपल्याच घराच्या पायाखालची वाळू तो फावड्या-फावड्यानं शहराला विकतो. एकदा मी त्याला बोललो. तो म्हणाला, “आनि तू काय करस? तू बी सवताले तठे इकीच ऱ्हायना ना?” मी स्वतःलाच तिथं विकतोय म्हणाला. पुढं मला बोलता आलं नाही.

आता सुरतेचं. पूर्वी खान्देशातच भोंगे वाजत. जळगावला खान्देश मिल, अमळनेरला प्रताप मिल, चाळीसगावला मिल, धुळ्याला मिल. माझ्या मायचा बाप चाळीसगावच्या मिलमध्ये होता. तो सणावाराला काय, नदीला पाणी आलं म्हटलं तरी रातोरात घरी पोचायचा. त्या मिला एकेक करून बंद पडल्या. जळगावला मिलच्या जागेवर आता खान्देश सेंट्रल आहे, दुकानांचं. आमच्या काळ्या मातीत कापूस तसाच पिकतो, माय तो दुसऱ्याच्या शेतात तशीच वेचते, आणि तिचा पोरगा परमुलखात पॉलिस्टरवर रंग चढवतो. ती साडी फिरून पाचोऱ्याच्या बाजारात येते. माय ती घेते. कदाचित माझ्याच हातची असेल. विचारलं तर म्हणते, रंग जात नाही रे, चांगली आहे. रंग जाणार नाहीच. पॉलिस्टरला १३० अंशावर, दाबाखाली कोंडून उकळतात, तेव्हा रंग आत शिरतो. बारा तास मी त्या उकळत्या पिंपाशेजारी उभा असतो.

माझ्या आधी बाप सुरतेत होता, लूमच्या खात्यात. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईतून पाणी सोडलं आणि सुरत बुडाली. उकाई सुरतेच्या वर शंभरेक किलोमीटरवर आहे. १९७२ साली ते धरण झालं तेव्हा सुरतेलाही सांगितलं होतं की आता पूर गेला. शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली होता. मी लहान होतो, आठ-नऊ वर्षांचा. बाप खोलीवर होता की खात्यात, जिवंत की मेलेला, काही कळायला मार्ग नव्हता. आमच्याकडे कोरडं होतं. माय रोज पाचोरा स्टेशनावर जाऊन गाडीतून उतरणारी माणसं बघायची. आठव्या की नवव्या दिवशी बाप आला. अंगावर दुसऱ्याचा शर्ट. कुणाच्या तरी गच्चीवर चार दिवस काढले म्हणाला. त्या गच्चीवर आपल्याला आधी चढू देत नव्हते की देत होते, ते त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही. २०१४ ला तो गेला. खोकल्यानं.

मी सुरतेला आलो तो त्याच लिंबायतच्या बाजूला, मिठी खाडीजवळच्या चाळीत. खोलीत पाच जण. तीन खान्देशचे, एक ओरिसातल्या गंजामचा, एक यूपीचा. रविवारी रद्दीच्या गाडीवर पुस्तकं चाळायचो. तिथं सुर्व्यांचं ‘माझे विद्यापीठ’ मिळालं, पाठीमागचं पान फाटलेलं. गिरणीतला माणूस पुस्तक लिहू शकतो हे मला तेव्हा समजलं. मग वही घेतली. मिलमधल्या मशीनचा आवाज इतका की त्यात मोठ्यानं ओळी म्हटल्या तरी शेजारच्याला ऐकू जात नाहीत. माझ्या कवितेची शाळा ती.

तेव्हा मी एक कविता लिहिली, ‘पूर’ नावाची. नदीला मी आमचा संताप म्हटलं. तिला हाक मारली, चढ, वरच्या वाड्यांत शिर, हजार वर्षांचा उकिरडा धुऊन ने. एका अंकात छापून आली. पत्रं आली, फोन आले. एका साथीनं लिहिलं, पुराचं इतकं जबरदस्त प्रतीक कुणी वापरलं नव्हतं. छाती फुगली. मी ती कविता तीन कार्यक्रमांत म्हटली. प्रत्येक वेळी टाळ्या.

मग ३१ ऑगस्ट २०२१ आला.

आदल्या रात्रीपासून चाळीसगावच्या वर डोंगरात पाऊस कोसळत होता. कन्नडच्या घाटात दरडी पडल्या. तितूर आणि डोंगरी चाळीसगावात शिरल्या. दुकानं, घरं, गुरं. ते पाणी पुढं गिरणेत. मी रातपाळीला होतो. फोन लॉकरमध्ये. सकाळी बाहेर आलो तर भावाचे अकरा मिसकॉल. लावला. तो म्हणाला, “भाऊ, पानी वट्यावर उनं व्हतं, आते घरमा शे.” मी विचारलं, माय कुठाय? म्हणाला, “शाळामा शे. बकरीले धरीसन बठेल शे.”

मी सुपरवायझरकडे गेलो. तो म्हणाला, ऑर्डर निघायची आहे, बदली माणूस दे आणि जा. बदली माणूस मिळायला दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत मी काय केलं? मोबाईलवर चाळीसगावच्या पुराचे व्हिडिओ बघितले. एकाच पुलावरून पाणी जातानाचा एकच व्हिडिओ मला पाच जणांनी पाठवला. एका मित्रानं लिहिलं, ‘तुझी कविता आठवली.’ हे वाचलं तेव्हा मी जेटमधून ताका काढत होतो. हात भाजला. चूक माझीच, लक्ष नव्हतं.

भुसावळकडची गाडी धरली, जळगावला उतरलो, तिथून पाचोरा. पूर्वी पाचोऱ्याहून आमच्या तालुक्याच्या खेड्यांतून जामनेरला छोटी पीजे गाडी जायची. ती २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली. मुंबईला, दिल्लीला जाणाऱ्या गाड्या मात्र स्टेशनावरून धडाधडा जातात. गावाला जायला काळीपिवळीसाठी दीड तास उभा राहिलो. सुरतेहून जळगावला पोचायला जेवढा त्रास झाला नाही तेवढा शेवटच्या तुकड्याला झाला. दरी काय असते ते मला तिथं स्टँडवर कळलं. शहरं एकमेकांच्या जवळ सरकतात आणि खेडं होतं तिथून मागं जातं.

घरासमोर माय चिखल काढत होती. मागची भिंत गेलेली. मला बघून फावडं ठेवलं आणि म्हणाली, “उना का भाऊ? बठ. पाय धुवाले पानी नही.” चार दिवसांपूर्वी घरात कमरेएवढं पाणी होतं आणि आता पाय धुवायला नव्हतं. विहीर गाळानं भरलेली. तिनं खोक्यातून काढून स्टीलच्या ग्लासात मला पाणी दिलं, बाटलीतलं, कुणीतरी वाटलेलं. भावाला पातेल्यातलं गढूळ. मी पाहुणा झालो होतो.

मी वही शोधली. पत्र्याच्या पेटीत होती, जुन्या कवितांची. पेटी गेली. मायनं काय वाचवलं? बकरी. अर्धं पोतं ज्वारी. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो. बरोबर केलं. मी असतो तर आधी वहीकडे धावलो असतो, आणि बकरी मेली असती.

चिखल काढताना एक गोष्ट ध्यानात आली. वस्तीत म्हातारी माणसं आणि बाया. जवान पोरं सगळी सुरत, पुणे, नाशिक, कुणी वापी. आजाच्या काळी पूर आला तर एका घरात चार गडी असायचे, पेट्या डोक्यावर घेऊन वर जायचे. आता मायसारख्या बाया कंबरभर पाण्यात धान्याचं पोतं ओढतात. पूर तेवढाच असेल, पण उचलणारे हात शहरात आहेत. ते हात पैसे पाठवतात. पैशाला पोतं उचलता येत नाही.

पंचनामा होऊन गेला होता. वरच्या आळीतल्यांच्या गोठ्यांची, पिकांची नावं लागली होती. आमचं नाव नव्हतं. मी पेटून उठलो. ऑफिसात गेलो, मोठ्यानं बोललो, जातीचं बोललो. तिथल्या कारकुनानं शांतपणे रजिस्टर फिरवलं. घर आजाच्या नावावर. आजा मेला, बाप मेला. वारसनोंद नाही. “नमुना आठचा उतारा आणा.” उतारावरच्या घराला उतारा नव्हता. आणि वारसनोंद का नव्हती? बाप गेल्यापासून माय मला सांगत होती, ये, सही कर, थोरला तूच. सात वर्षं मी म्हणत होतो, पुढच्या सुट्टीत. सुट्टी मिळाली की मी कवितेच्या कार्यक्रमाला जायचो.

म्हणून हे लिहितो आहे. व्यवस्थेला शिव्या देणं मला येतं. त्या शिव्या खोट्या नाहीत. उतारावर आम्हाला बसवलं ते खरं, काठ खाल्ला ते खरं, रजिस्टर वरच्या आळीत लवकर पोचतं ते खरं. पण त्या रजिस्टरातली एक रिकामी ओळ माझी होती. ती मी भरली नाही.

रात्री दिवा नव्हता. भावानं मोबाईलची बॅटरी लावली आणि मित्रांना म्हणाला, माझा भाऊ पुरावर कविता करतो, म्हण रे. मी नको म्हणालो. माय म्हणाली, म्हण. मी म्हटली, पुस्तकी मराठीतली. ती कानावर हात ठेवून, नीट ऐकत होती. संपल्यावर थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “पानी घर पाडस, आनि तू त्याले चांगलं म्हनस?”

रागानं नाही विचारलं. खरंच विचारलं. मी सांगायला लागलो, माय, ते प्रतीक आहे, पाणी म्हणजे आपला संताप, ते वरच्यांच्या वाड्यात शिरतंय... ती म्हणाली, वर कधी शिरलं? आपल्याकडेच शिरतं ना. वरच्यांच्या पायरीला लागून परत फिरतं.

टाळ्या वाजवणाऱ्या कुणाच्याच डोक्यात हे आलं नव्हतं. माझ्याही नाही. मी उतारावर वाढलेला. पाणी कुठून कुठं जातं ते मला नकाशाशिवाय ठाऊक पाहिजे. सुरतेच्या चार वर्षांत मला पूर म्हणजे शब्द झाला होता. मायला तो चिखल होता, पडलेली भिंत होती. गाव आणि शहर यांच्यातलं अंतर मला कुणी विचारलं तर मी किलोमीटर सांगत नाही. ते अंतर एवढं आहे.

मी तिला म्हणालो, चल माझ्यासंगं सुरतला. ती म्हणाली, “तठे कठे ऱ्हास तू?” मी सांगितलं, खाडीजवळ. खाडी म्हणजे काय विचारलं. नाल्यासारखी, पावसाळ्यात भरते. ती हसली. “म्हनजे तू तठे बी खालेच.”

बोलायला जागाच ठेवली नाही. सुरत मोठं शहर आहे. तिथं सांडपाणीसुद्धा वाया जात नाही. २०१४ पासून ते शुद्ध करून पांडेसऱ्याच्या मिलांना देतात. आमच्या गावाला नदीचं पाणी मिळत नाही आणि तिथं गटारीच्या पाण्यावर मिल चालते. पुराची सूचना तिथं आधी मिळते, बोटी असतात, अधिकारी असतात. २००६ च्या पुरात अडाजणच्या बंगल्यांतही पाणी शिरलं. त्यावरून मी एकदा भाषणात म्हटलं होतं की पाणी जात बघत नाही. नाही बघत. पण कुणाला कुठं वसवायचं ते पाण्यानं ठरवलेलं नव्हतं. त्या पुरानंतर तापीकाठच्या पुष्कळ झोपड्या उठवून माणसं कोसाडला, शहराच्या टोकाला नेली. बंगले होते तिथंच राहिले. आणि तापीला पूर नसला तरी आमची खाडी आहेच. २०२५ च्या जूनमध्ये सुरतेत एका दिवसात इतका पाऊस पडला की खाड्या फुगल्या. आमच्या खोलीत गुडघाभर पाणी, काळं, रंगाच्या वासाचं. गंजामवाला आणि मी गाद्या डोक्यावर घेऊन माळ्यावर बसलो. त्याच्या गावीही चक्रीवादळं येतात, त्यानं सांगितलं. त्याचीही माय गावीच.

वारसनोंद झाली. तीन फेऱ्या मारल्या, तीन वेळा पगार कापला. मायचं, माझं, भावाचं नाव लागलं. २०२१ चे पैसे काही मिळाले नाहीत, तारीख गेली होती. मागची भिंत आम्ही दोघा भावांनी विटांची बांधली. वाळू लागली. भाऊ म्हणाला, आणतो. कुठून ते मी विचारलं नाही. उंच जोतं करायचं होतं, तेवढे पैसे नव्हते. दोन फूट केलं.

‘पूर’ ही कविता मी आता म्हणत नाही. कुणी मागितली तर मायचा प्रश्न सांगतो.

आणि एक काम मी अंगावर घेतलं आहे. चाळीसगावच्या, भडगावच्या पोरांचे मोबाईलवर ग्रुप आहेत. धरणातून पाणी सोडलं, तितूर वाढली, की तिथं टाकतात. गावातल्या टॉवरला पाऊस झाला की रेंज जाते, मायचा साधा फोन मात्र कधीमधी लागतो. म्हणून पावसाळ्यात मी जेवणाच्या सुट्टीत लॉकर उघडून ग्रुप बघतो. काही असलं की वस्तीत चार घरांना आणि भिलाटीत एकाला फोन करतो. आजा कंदील घेऊन काठाला जायचा. मी तीनशे किलोमीटरवरून सांगतो. फरक एवढाच की आजा वरच्यांना उठवायचा, मी खालच्यांना उठवतो. आणि ह्या कामाचं मला कुणी फर्मान काढलेलं नाही.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री असाच फोन लावला. माय, गिरणेला पाणी सोडलंय, बकरी आणि कागदाची पिशवी घेऊन शाळेत जा. कागदाची पिशवी आता दाराजवळच्या खुंटीला असते, उतारा तिच्यात आहे. ती बरं म्हणाली. भावाला हाक मारली, ते ऐकू आलं. मी फोन ठेवणार तर म्हणाली, थांब.

“आनि तुनाकडे पानी कितलं शे?”

मी दार उघडून खाडीकडे बघितलं. अजून दोन पायऱ्या खाली होतं. तिला सांगितलं, दोन पायऱ्या.

“मंग जागा ऱ्हाय,” ती म्हणाली.